चौदा नंबर आणि माझ्या काठावरची तर्री

साहेब, रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही चौदा नंबरच्या बिअरच्या कागदावर लिहिलंत, 'मसाला जाणवत नाही. फेस टिकत नाही.' दोन्ही वाक्यं खोटी आहेत. तुम्ही ती लिहीत होतात तेव्हा तुमच्या डाव्या हातात मी होतो, म्हणून हे तोंडावर सांगतोय. तुमचं नाव घेत नाही. मुख्य परीक्षकाची खुर्ची एकच होती आणि तिच्यात कोण बसलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. माझं भांडण साहेबांशी आहे. मी एक जुना चाखणीचा ग्लास आहे, वय वर्षं अकरा, आणि काचेच्या हिशेबात हे म्हातारपण समजा. माझ्या पोटात येतं ते मोठ्या माणसांचं पेय. तुमच्यात कोणी लहान असेल तर त्यानं गोष्ट ऐकावी आणि चवीच्या वाटेला जाऊ नये. मोठे असाल तर नीट ऐका, कारण ही गोष्ट दारूची कमी आणि परीक्षेची जास्त आहे. परीक्षा तुम्हीही दिली असेल. कागद तपासणारा त्या सकाळी कुठल्या तोंडानं बसला होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीतला. एका कारागिरानं लोखंडी नळीच्या टोकाला लाल काचेचा गोळा घेतला, फुंकर मारली आणि मी फुगलो. पोट रुंद, तोंड आत वळलेलं, खाली बारीक दांडा. तोंड आत वळवतात ते वास पळून जाऊ नये म्हणून, आणि दांडा देतात तो हाताची ऊब पोटापर्यंत पोचू नये म्हणून. म्हणजे बघा, मला घडवतानाच ठरवलं होतं की माझ्यातल्या पदार्थात बाहेरचं काही मिसळू द्यायचं नाही. आम्ही चोवीस भाऊ एका खोक्यात, गवतात गुंडाळून, आग्रा रोडनं निघालो. मालेगावजवळ एका गतिरोधकावर ट्रक उडाला आणि तीन भाऊ तिथंच गेले. उरलेले एकवीस नाशिकला उतरलो.

पहिली सहा वर्षं मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीच्या चाखणीघरात काढली. चांगले दिवस होते. मुंबईचे पाहुणे मला उजेडाकडे धरायचे, गोल फिरवायचे, नाक घालायचे, आणि वाइनला सोडून माझाच फोटो काढायचे. "काय नाद आहे काचेला!" म्हणून बोटानं टिचकी मारायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मग एके दिवशी माझ्या तळाला बारीक टवका उडाला. पाठोपाठ नवे पातळ ग्लास आले, आणि मला काउंटरवर टूथपिक ठेवायला उभं केलं. दोन वर्षं माझ्या पोटात टूथपिक होते. वास धरायला जन्मलेल्या ग्लासात दात कोरायच्या काड्या! त्या दोन वर्षांबद्दल आणखी बोलायला लावू नका.

त्यातून मला निजामचाचानं काढलं. निजामचाचा वायनरीत ग्लास धुणारा, मूळ मालेगावचा. घरात चार पिढ्या यंत्रमाग, पण याला सूत कधी जमलं नाही. हा काचेत रमला. वायनरीनं नोकर कमी केले तेव्हा तो इगतपुरीच्या रस्त्यावरच्या एका लहान बिअर कारखान्यात लागला आणि मालकाला विचारून आम्हा पाच जुन्या भावांना वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत घेऊन गेला. "हे फेकू नका साहेब, यांची बनावट आता मिळत नाय," असं तो म्हणाला होता. माझ्याबद्दल कोणी असं बोललं त्याला फार दिवस झाले होते.

निजामचाचाची धुण्याची पद्धत ऐका, कारण पुढं तिच्यावरच शिंतोडे उडणार आहेत. तो ग्लासाला साबण लावत नाही. खाण्याचा सोडा आणि कढत पाणी. आतून फडकं फिरवत नाही, जाळीवर पालथं घालून आपोआप सुकू देतो. मग परीक्षा घेतो. ग्लास आतून ओला करायचा आणि चिमूटभर मीठ भुरभुरायचं. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर काच स्वच्छ. कुठं टक्कल पडलं तर तिथं तेल आहे.

"तेल म्हणजे फेसाचा इंतकाल," तो म्हणतो. "एक बोट लागलं तेलाचं, की फेस गेला अल्लाला प्यारा."

त्या रविवारी सकाळी आठ वाजता त्यानं माझी मिठाची परीक्षा घेतली होती. माझ्या अंगावर मीठ असं बसलं होतं की जणू दव पडलंय. हे लक्षात ठेवा.

आता ज्योत्स्नाबद्दल. ही पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. तिथं डोंगरउतारावर नागली पिकते आणि खाचरात भात. आश्रमशाळेत शिकली, नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली, आणि या कारखान्यात टाक्या घासायला लागली. पदवी घेऊन टाक्या घासते म्हणून तिला कोणी हसलं की ती म्हणायची, "बिअर बनवणं म्हणजे पंधरा आणे धुणंच असतं. उरलेला एक आणा मी शिकतेय." तीन वर्षं ती तो एक आणा शिकली. कोणती यीस्ट कुठल्या तापमानाला चिडते, कुठली सुस्तावते, वह्या भरून लिहिलं.

या वर्षी जिल्ह्यातल्या चार-पाच लहान कारखान्यांनी मिळून स्पर्धा ठेवली. प्रकार ठरला बेल्जियमच्या शेतघरातली मसालेदार बिअर. तिकडं तिला सेझाँ म्हणतात. तिकडचे शेतकरी थंडीत ती बनवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात कापणीला आलेल्या मजुरांना द्यायचे. हलकी, कोरडी, तहान भागवणारी, आणि मसाला इतकाच की गिळल्यावर कळावा. कारखान्याचे मॅनेजर योगेशसर हे समजावून सांगत होते तेव्हा ज्योत्स्ना मध्येच म्हणाली, "म्हणजे आमच्याकडं भाताच्या आवणीला आलेल्या माणसांना आंबील देतात तसं."

"आंबील वेगळी गं," योगेशसर हसले.

"वेगळी कशी सर? उन्हात राबणाऱ्याला आंबट पाहिजे, पातळ पाहिजे आणि पोटाला जड नको. तुमच्या बेल्जियमवाल्यांनी दुसरं काय केलं?"

योगेशसरांनी तिला स्पर्धेत उतरायची परवानगी दिली. पन्नास लिटरची लहान टाकी तिला मिळाली आणि कारखान्याचा नियमही तेव्हाच ठरला. पन्नासपैकी छत्तीसच्या वर गुण पडले तर बिअर इथल्या नळावर लागणार आणि लहान टाकी कायमची ज्योत्स्नाच्या ताब्यात येणार. तीसच्या खाली पडले तर बिअर गटारात ओतायची आणि ज्योत्स्नानं पुन्हा ब्रश हातात घ्यायचा. मित्रांनो, तिच्यासाठी त्या दिवशी पणाला काय लागलं होतं ते एवढं सरळ आहे.

तिनं मॉल्टमध्ये, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवात, थोडी नागली घातली. जाडसर ठेचलेले धणे, संत्र्याची साल, आणि काळी मिरी मोजून बावन्न दाणे. सहाव्या दिवशी यीस्ट अडली. या जातीची यीस्ट अर्ध्या वाटेत रुसते आणि तिला ऊब लागते. योगेशसर म्हणाले, "गेली ही बॅच, ओतून टाक." ज्योत्स्नानं आईची गोधडी आणून टाकीला गुंडाळली आणि नऊ दिवस कोणाला झाकणाला हात लावू दिला नाही. दहाव्या दिवशी बुडबुडे पुन्हा सुरू झाले. बिअर तयार झाल्यावर तिनं पहिला नमुना माझ्यात ओतला. पांढराशुभ्र फेस माझ्या गळ्यापर्यंत आला आणि तसाच बसून राहिला. आधी संत्रं, मग धण्यांचा ओला वास, आणि गिळल्यावर घशाच्या मागून हळूच मिरी. अकरा वर्षांत माझ्या पोटात बरंच काही येऊन गेलं. इतकं प्रामाणिक काही आलं नव्हतं.

निजामचाचा पीत नाही. त्यानं नुसता वास घेतला आणि म्हणाला, "बेटी, ह्याच्यात घरचं कायतरी हाय."

रविवार उजाडला. साहेब, आता तुमची पाळी.

चाखणी दहाला सुरू व्हायची होती. परीक्षक मुंबईहून आणि पुण्याहून आदल्या दिवशी आलेले. योगेशसरांनी सकाळी त्यांना गाडीत घातलं आणि मिसळ खायला नेलं. नाशिकला रविवारी पाहुणा आला आणि त्याला मिसळ न खाऊ घालता सोडला, तर यजमानाला सात जन्म टोचणी लागते म्हणे. मी तिथं नव्हतो. पण अकराला परत आल्यावर तुम्ही दुसरं काही बोलतच नव्हता, त्यामुळे मला सगळी पंगत ठाऊक आहे.

"योगेशराव, तर्री म्हणजे तर्री! तीन वाट्या हाणल्या. अजून कानातून वाफ निघतेय," तुम्ही खुर्चीत बसता बसता म्हणालात. कपाळावर घाम, नाक लाल, आणि शर्टाच्या दुसऱ्या बटणाखाली एक नारिंगी ठिपका.

"चौथी घ्यायची होती सर! आमच्याकडं रश्श्याला नाही म्हणत नसतात."

शेजारी रोहित बसला होता, पुण्याचा तरुण परीक्षक. तो म्हणाला, "मी दहीभातावर होतो सर. ॲसिडिटी."

"नाशिकला येऊन दहीभात खाणारा तू पहिलाच. पुण्याला परत जाऊन सांगू नकोस, तेसुद्धा हसतील."

सगळे हसले. तुम्ही खिशातून सुगंधी बडीशेपेची पुडी काढली आणि अर्धी तोंडात टाकली. मित्रांनो, हा माणूस मिरी, धणे आणि संत्र्याची साल ओळखायला बसला होता.

टेबलावर निजामचाचानं साधं पाणी आणि बिनमिठाच्या पावाचे तुकडे ठेवले होते. चाखण्याआधी जीभ कोरी करायला ते ठेवतातच. त्यानं बशी तुमच्यापुढं सरकवली.

"पाव?" तुम्ही म्हणालात. "अहो, आत्ताच सहा खाऊन आलोय!"

पुन्हा सगळे हसले. मला हसता येत नाही, आणि येत असतं तरी मी हसलो नसतो.

सहा नमुने होते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला आणि चौदा नंबर पहिला निघाला. कोणाची बिअर हे परीक्षकांना माहीत नसतं, नंबर फक्त, तेही ओळीनं नाही, मनाला येतील तसे दिलेले. आतल्या खोलीतून जगमधून बिअर आली, एक धार माझ्यात पडली, एक रोहितच्या हातातल्या माझ्या भावात. दोघांच्याही गळ्यापर्यंत तोच पांढरा फेस आला. तुम्ही मला उचललंत, मिशा पुसल्या नाहीत, आणि ओठ लावलात.

आणि मला तेल लागलं.

काठावर अर्ध्या चंद्राएवढं, लाल. तिथून फेस मागं सरकायला लागला. पाण्यात तेलाचा थेंब पडल्यावर जसं होतं तसं, एका बाजूनं फाटत गेला आणि दहा सेकंदांत माझ्यात सपाट पिवळं पाणी उरलं. माझ्या भावात फेस जसाच्या तसा. एकाच जगमधली, एकाच वेळी ओतलेली बिअर होती.

"फेस बसला," तुम्ही म्हणालात आणि लिहिलंत.

"सर, माझ्यात टिकलाय," रोहित म्हणाला आणि माझ्या भावाला उजेडाकडं धरलं.

"तुझ्या ग्लासाला साबण राहिला असेल."

दाराशी उभ्या असलेल्या निजामचाचाचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. मी पाहिला. साबणानं बिअरचा फेस मरतो, वाढत नाही, हे त्याला तीस वर्षं माहीत आहे. परीक्षकाला माहीत नव्हतं. टेबलाजवळ चाचाला बोलायची परवानगी नव्हती. त्यानं फक्त मान खाली घातली.

मग तुम्ही घोट घेतलात. जिभेवर बडीशेप, तिच्याखाली तर्री, तिच्याखाली आग. त्या आगीवरून ज्योत्स्नाचे मिरीचे बावन्न दाणे चालत गेले आणि तुम्हाला त्यांचं पाऊलही ऐकू आलं नाही.

"मसाला कुठाय? हे तर सोडावॉटर."

"सर, मिरी मागून येतेय. घशाशी. आणि साल पण आहे संत्र्याची, छान आहे."

"घशाशी येतंय ते तुझी ॲसिडिटी असेल."

रोहितनं एक्केचाळीस गुण दिले होते. तुम्ही चोवीस. नियम असा की एकाच टेबलावरच्या परीक्षकांच्या गुणांत सातपेक्षा जास्त फरक नको. असेल तर दोघांनी बोलून जवळ यायचं. नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे. पण 'बोलून' या शब्दाचं तुम्ही काय केलंत ते ऐका.

"सतरा गुणांचा फरक? लोक हसतील. तू खाली ये."

"सर, तुम्ही थोडे वर आलात तर..."

"मी बावीस वर्षं चाखतोय, रोहित. तू किती?"

"तीन."

"मग?"

त्या 'मग?' वर रोहितनं आपला आकडा खोडला. तो एकतीसवर आला. तुम्ही मोठ्या मनानं एक गुण चढून पंचवीसवर गेलात. सरासरी अठ्ठावीस. तीसच्या खाली.

त्यानंतर पाच नमुने आले. मधे मला थंड पाण्यानं विसळलं, पण थंड पाण्यानं तेल जात नाही. पाचांचाही फेस माझ्यात बसला आणि पाचांच्याही कागदावर तुम्ही तेच वाक्य लिहिलंत. सहा वेगवेगळ्या माणसांनी बनवलेल्या सहा बिअरचा फेस एकाच सकाळी एकाच ग्लासात बसतो, साहेब, आणि बावीस वर्षं चाखणाऱ्याला शंका येत नाही?

पहिला आला नऊ नंबर. त्यात इतकी मिरी आणि सुकी मिरची होती की तुमच्या पेटलेल्या जिभेलाही ती कळली. ती बिअर ज्योत्स्नाच्याच कारखान्यातल्या गोरक्षची. गोरक्ष भला माणूस आहे. निकाल ऐकून तो ज्योत्स्नाजवळ आला आणि कानात म्हणाला, "ताई, खरं सांगू का? माझी मलाच अर्ध्या ग्लासाच्या वर जात नाही. मी दुसऱ्या नंबराची पण आशा सोडली होती."

ज्योत्स्नानं त्याचं अभिनंदन केलं. मग कागद घेऊन धुण्याच्या खोलीत आली. आम्ही सगळे ग्लास तिथं मोरीत उभे होतो. तिनं कागद दोनदा वाचला. आतून एका मगमध्ये आपली बिअर आणली, घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला.

"चाचा, मला मिरी लागतेय."

"लागणारच बेटी. तूच घातलीस."

"म्हणून तर. मी घातलीय हे मला माहीत आहे, म्हणून लागत असेल. तिथं नसेलच कदाचित."

निजामचाचा मोरीकडं वळला. त्याच्या डोक्यात अजून साबण घुमत होता. तो एकेक ग्लास उचलून सोड्याच्या पाण्यात घालत होता. माझ्यावर हात आला तेव्हा थांबला. काठावरचा लाल डाग पाहिला, नखानं खरवडला, वास घेतला. "मला साबण म्हणतो," एवढंच पुटपुटला आणि मला न धुता वरच्या फळीवर ठेवून दिलं. त्यानं ते रागानं केलं होतं, आणि सोमवारपर्यंत मलाही त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

सोमवारी चहाच्या वेळी ज्योत्स्नानं कपाला ओठ लावला आणि गोरक्षला विचारलं, "यात साखर आहे ना?"

"दोन चमचे आहेत ताई. का?"

"काही नाही. मला गोड लागला. विचारलं आपलं."

दुपारी तिनं डाळीतलं मीठ विचारलं. संध्याकाळी टाकीजवळ उभी राहून आंबूस वास येतोय का, हे निजामचाचाला विचारलं, आणि वास खरंच येत होता. मित्रांनो, तिचे दोन गुण कमी झाले असते तर मी गप्प बसलो असतो. गुण गेले तर पुढच्या वर्षी येतात. पण बिअर बनवणाऱ्याचा आपल्या जिभेवरचा विश्वास गेला तर त्याच्याकडे उरतं काय? दृष्टी अधू झालेला सोनार दुकान तरी चालवू शकतो.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. आईचं नाव भागीबाई. ज्योत्स्नाचे हात ओले होते म्हणून फोन कट्ट्यावर ठेवून तिनं आवाज मोठा केला.

"काय झालं तुझ्या त्या परीक्षेचं?"

"नापास झाले, आये. मसाला लागला नाही म्हणे त्यांना."

"लागला नाय? तू बाटली आणलीस तवा म्या घरी चाखला त मला लागला. माझं तोंड काय येगळं हाय?"

"मोठे लोक आहेत ते. बावीस वर्षं हेच करतात."

"करू दे. त्यांनी आदी काय खाल्लं व्हतं?"

"मिसळ."

पलीकडं भागीबाई हसायलाच लागली.

"अगं येडे! ठेचा खाऊन आंबील चाखली त ती आंबील लागंल का पाणी? आमच्यात आंबील आंबली का नाय बघायला सकाळच्या पारी उपाशी तोंडी बोलावत्यात, ते काय उगाच? एवढं बी कळत नाय व्हय त्या मोठ्या लोकास्नी?"

निजामचाचाच्या हातातला ग्लास पाण्यातच राहिला. तो वळला, फळीवरून मला काढलं आणि ज्योत्स्नाच्या डोळ्यांसमोर धरलं.

"बेटी, हे बघ. तर्री! कल से यहाँ है, और मी येडा समजलो की नुसती घाण हाय."

त्यानं नळाखाली माझं पोट ओलं केलं, काठाला पाणी लागू दिलं नाही, आणि आतून मीठ भुरभुरलं. खाली मीठ बसलं. वर, जिथं तुमचा ओठ होता आणि तेल आत ओघळलं होतं, तिथं टक्कल पडलं. ज्योत्स्ना बघत राहिली. रविवारपासून पहिल्यांदा ती कोणाला न विचारता एक वाक्य बोलली.

"म्हणजे मिरी होती."

मंगळवारी दोघं मला घेऊन योगेशसरांच्या केबिनमध्ये गेले. योगेशसरांनी मला पाहिलं, सहा कागद शेजारी ठेवून पाहिले, आणि डोक्याला हात लावला. माणूस वाईट नाही. मिसळीला नेलं त्यांनीच, म्हणून त्यांना जास्त लागलं.

"चाचा, निकाल जाहीर झाला. आता सरांना मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं रस्सा वाढा म्हणालात, त्याच तोंडानं," निजामचाचा म्हणाला.

योगेशसरांनी नियमाची वही काढली. पुन्हा चाखणी होऊ शकते, पण मुख्य परीक्षकाच्या संमतीनं. बाकीच्यांचा निकाल बदलणार नाही, गोरक्षचं बक्षीस कोणी काढून घेणार नाही. एका केगमधली, म्हणजे बिअरच्या पिंपातली, एक धार, एक कोरा ग्लास, एक कोरं तोंड. एवढंच. त्यांनी तुम्हाला माझा फोटो पाठवला. ज्योत्स्नानं हातानं अर्ज लिहिला, तोही पाठवला. रोहितलाही पाठवला. रोहितचं उत्तर अर्ध्या तासात आलं: 'चूक माझीही आहे. मी खाली यायला नको होतं. सर हो म्हणाले तर मी स्वतःच्या गाडीनं येतो.'

तुमच्याकडून उत्तर नाही, योगेशसरांच्या फोनवर फक्त दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे तुम्ही वाचलंत. आज गुरुवार आहे.

मित्रांनो, माझ्या जातीचे म्हातारे शेवटी सांगतात की आम्हाला जपा, स्वच्छ ठेवा, अडगळीत टाकू नका. मीही सांगितलं असतं. पण मला स्वच्छ ठेवणारा माणूस मला मिळाला आहे, आणि त्यानं मला चार दिवस मुद्दाम घाणेरडं ठेवलंय. मला त्याची लाज वाटायला हवी, वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, उद्या तुम्ही कोणाची वही तपासाल, कोणाचं गाणं ऐकाल, कोणाच्या हातची भाजी चाखाल. खोट काढण्याआधी एक घोट साधं पाणी प्या. आणि समोरच्याला लागतंय ते तुम्हाला लागत नसेल, तर आपण आधी काय खाल्लं होतं ते आठवा. चूक कोणाकडूनही होते. मिसळ चांगली असते, मोह होतो. चूक दाखवल्यावर फोन पालथा घालणं याला मात्र चूक म्हणत नाहीत.

साहेब, केग थंड खोलीत आहे. दुसऱ्या बॅचसाठी तो रिकामा लागणार म्हणून योगेशसरांनी शनिवारी बारापर्यंतचीच मुदत दिलीय. बाराला गटारावरचा नळ उघडायचा, आणि तो ज्योत्स्नाला स्वतःच्या हातानं उघडावा लागेल, कारण धुण्याचं काम पुन्हा तिच्याकडे गेलंय. तुम्ही आलात, उपाशी तोंडानं चाखलंत आणि तरी तुम्हाला ती आवडली नाही, तर द्या चोवीस. वीस द्या. ती निमूटपणे नळ उघडेल आणि मी तिच्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही. पण न चाखता दिलेला आकडा घेऊन तिनं आयुष्यभर दुसऱ्याला चहातली साखर का विचारावी?

मुंबईहून इथं यायला साडेतीन तास लागतात. शनिवारी बाराच्या आत येताय का? हो किंवा नाही, एवढंच लिहा, पण लिहा.